सकाळचा भात

"हुंगा," म्हणत त्रिशलाक्कांनी वाटी माझ्या नाकाखाली धरली.

मी फ्रिजच्या मागं गुडघ्यावर बसलो होतो. तोंडात दोन स्क्रू, हातात टॉर्च, डोक्याला कोळिष्टकं. वाटीत तोंडलीभात होता. हुंगायची गरजच नव्हती. शितं चिकट झाली होती, कडेनं बारीक बुडबुडे धरले होते आणि वास असा, की मी घाईनं स्क्रू तोंडातून काढून खिशात टाकले.

"कधीचा आहे हा?"

"कधीचा म्हणजे? आज सकाळचा. आमच्यात शिळं चालत नाही, ठाऊक नाही तुम्हाला?"

ठाऊक होतं की. सांगलीत जन्म काढलाय मी. जैनांच्या घरात कांदा-लसूण नसतो, दिवस मावळल्यावर जेवण नसतं आणि जे नियमाचे पक्के असतात ते कालचं अन्न आज तोंडात घालत नाहीत. मगदुमांच्या घरी तर दोघांनी मिळून नियम घेतला होता. गावात महाराजांचा चातुर्मास होता, तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली, हे अक्कांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

"मग फ्रिज कशाला घेतला?" मी विचारलं. मला असले प्रश्न विचारायची खोडच आहे.

"आम्ही कुठं घेतला? लेकीनं बेळगावहून पाठवला. उन्हाळ्यात सकाळचं संध्याकाळच्या पाचपर्यंत टिकायला बरा पडतो, एवढंच. सकाळी करायचं, गार करून आत ठेवायचं, पाचला काढून ऊन करायचं. सहाच्या आत ताटं धुऊन मोकळं. सात वर्षं असंच चाललंय. आणि आता हा मेला सकाळचं अन्न पाचपर्यंत आंबवायला लागलाय. आंबलेलं म्हणजे शिळंच. ते पोटात गेलं तर माझा नियम मोडला की नाही? बेचाळीस वर्षांचा?"

बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे पुसले. एवढ्या गोष्टीसाठी कुणी रडतं का, असं मला तेव्हा वाटलं.

ह्या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी शिवलिंग तोडकर, फ्रिज मेकॅनिक. आता हात थरथरतो म्हणून दुकान जावई बघतो, पण त्या काळी गावभागात फ्रिज बिघडला की लोक माझंच नाव घ्यायचे. मला दोन गोष्टींचा गर्व होता. एकाच तक्रारीसाठी मला कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं आणि चांगल्या मशीनला मी कधी वाईट म्हटलं नव्हतं. आमच्या धंद्यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते, कारण गिऱ्हाइकाला आतलं काही कळत नसतं. काँप्रेसर गेलाय म्हटलं की तो मान डोलावतो. मी तसलं कधी केलं नाही.

तर मी फ्रिज तपासला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, पट्टी ओढून सुटेना, म्हणजे रबर घट्ट. गॅस बरोबर. थर्मामीटर आत ठेवून अर्धा तास थांबलो, पारा पाच डिग्रीवर. नव्या फ्रिजलाही एवढंच असतं.

"अक्का, ह्याच्यात काही दोष नाही."

"मग भात काय मी आंबवला?"

"तुम्ही गरम गरम ठेवत असाल. मोठ्या पातेल्यात भात मधनं तासन्‌तास गरम राहतो आणि मधनंच आंबतो. पसरट डब्यात काढायचा, डबा थाळ्यातल्या पाण्यात बसवायचा, निवला की लगेच आत. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहायला नको. आणि आत गर्दी करू नका, वारं फिरायला पाहिजे."

"मला शिकवा आता," अक्का म्हणाल्या. "तुम्ही चड्डीत होता तेव्हापासून मी अन्न झाकतेय."

बाहेरच्या खोलीत अण्णा खुर्चीवर बसले होते. भूपाल मगदूम, हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर, रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. माझ्या धाकट्या भावाला शिकवायला होते. तेव्हा चांगले अंगानं भरलेले होते, आता गालफडं बसली होती. पेपर समोर धरला होता, पण लक्ष आमच्याकडं होतं.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फ्रिज ठणठणीत आहे."

ठणठणीत म्हटल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. अण्णांचा चेहरा पडला.

तीन दिवसांनी परत फोन. मी तसाच हातातलं काम टाकून गेलो. रागात होतो. दुसऱ्यांदा बोलावणं म्हणजे माझ्या नाकाचा प्रश्न. ह्या वेळेला मुगाची आमटी होती. वरती फेस, आणि चमचा घालून उचलला तर तार निघत होती.

"आज सकाळची," अक्का म्हणाल्या. "गार करून ठेवली, तुम्ही सांगितल्यासारखी. थाळ्यात पाणी घालून. आता बोला."

"बघू इकडं," म्हणत अण्णा आत आले, वाटी घेतली आणि माझ्यादेखत दोन चमचे तोंडात घातले.

"अहो, मास्तर," मी ओरडलोच, "चव घेऊन बघायचं नसतं. वास, चिकटपणा, फेस, एवढं पुरतं. आणि पुष्कळदा तर वासही येत नाही नि अन्न गेलेलं असतं. शंका आली की टाकायचं."

"एवढं काही वाईट नाही," अण्णा म्हणाले आणि तिसरा चमचा घेतला.

"त्यांचं हे असंच," अक्का म्हणाल्या. "हल्ली रोज माझ्या आधी चव बघतात. चव बघता बघता डबा संपवतात आणि मग मला म्हणतात, तू ताजं पिठलं टाक. आणि पोट धरून बसतात आठ-आठ दिवस. नको म्हटलं तर ऐकायला नको."

मी थर्मोस्टॅट बदलला. जुना चांगला होता, तरी बदलला, माझ्या पदरचा. शेजारी विचारलं, वीज दुपारची जाते का, कुणी हो म्हणालं नाही. वायर बघितली, प्लग बघितला. माझं डोकं फिरायची वेळ आली. जिना उतरायला लागलो तर अण्णा मागं आले, कठड्याला धरून उभे राहिले.

"तोडकर, दोष फ्रिजमध्येच असेल ना?"

मला वाटलं, माझ्या कामावर शंका घेताहेत.

"असला तर मी काढल्याशिवाय राहणार नाही," मी म्हटलं. "मास्तर, तुमचा फ्रिज मी उकलून काढीन, पण तुम्हाला उत्तर देईन."

"काढा," ते म्हणाले. "नक्की काढा काहीतरी."

मग मी हट्टाला पेटलो. पुढच्या बुधवारी सकाळी नऊलाच त्यांच्या घरी जाऊन बसलो. म्हटलं, माझ्यासमोर करा, माझ्यासमोर निववा, माझ्यासमोर ठेवा. अक्कांना मजा वाटली. त्यांनी तोंडलीभात टाकला. काय हात होता त्यांचा. ओलं खोबरं, तीळ, गोडा मसाला, वर साजूक तूप. बोलत होत्या सारख्या. लेकीचं बाळंतपण, बस्तीतली, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातली पूजा, अण्णांनी लग्नात काढलेली रांगोळी. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, पण म्हातारी माणसं सांगतातच. भात पसरट स्टीलच्या डब्यात काढला, पाण्यात निववला. झाकण लावायच्या आधी मी त्यांची नजर चुकवून डब्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावली आणि पेननं लिहिलं, बुध. आमच्यात असं करतात, कुठला माल कधी आला ते कळायला. अक्कांवर माझा संशय नव्हता. मला वाटत होतं, दुपारी कुणीतरी येऊन फ्रिज बंद करून जातंय, किंवा शेजारचं कुणी डबा बदलतंय. माणसाचं डोकं कुठंही जातं.

"संध्याकाळी येतो," म्हटलं आणि आलो नाही. मिरजेला एका डेअरीचं मोठं काम निघालं, दोन दिवस तिकडंच अडकलो. शुक्रवारी दुपारी तीनला उगवलो.

अक्कांनी दार उघडलं आणि माझ्याकडं बघतच म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्हाला दाखवायलाच ठेवलाय."

ओट्यावर डबा होता. झाकण काढल्याबरोबर वास घरभर झाला. भाताला पाणी सुटलं होतं, खोबरं गुलाबीसर पडलं होतं.

"आज सकाळी केला," अक्का म्हणाल्या. "ह्या हातांनी केला. आता मला सांगा, सकाळचा भात असा होतो?"

मी डबा उचलला. बुडाला पट्टी होती. बुध.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दोष सापडला की मेकॅनिकला आनंद होतो. फ्रिज चांगला होता, मी बरोबर होतो. आणि तेवढ्यात दुसरंही कळलं. दोन दिवसांचा भात नीट थंडीत राहिला असता तर एवढा गेला नसता. म्हणजे हा डबा कुणीतरी काढत होतं, उन्हाळ्याच्या उकाड्यात ओट्यावर दुपारभर ठेवत होतं आणि परत आत ढकलत होतं.

"अक्का," मी म्हटलं, "हा भात आजचा नाही. हा तर—"

"तोडकर."

अण्णा दारात उभे होते. आवाज मास्तरांचा होता, मागच्या बाकावरची पोरं गप्प बसायची तो.

"जरा गॅलरीत या. तुम्हाला मीटर दाखवायचाय."

गॅलरीत कसला मीटर. तुळस होती, वाळत घातलेली धोतरं होती आणि खाली शिरगावे गवळ्याच्या म्हशी. अण्णांनी दार लोटून घेतलं. मी डब्याची काढून आणलेली पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"ती सकाळी करते, आत ठेवते. दहा वाजता विसरते आणि परत करते. तोही डबा आत जातो. पाचला जो हाताला लागेल तो काढते. कधी दुपारीच काढते, ओट्यावर ठेवते, मग वाटतं अजून वेळ आहे, परत ठेवते. आणि तिला खरंच वाटतं की हा आजचाच आहे. ती खोटं बोलत नाही, तोडकर. तिच्यापुरतं ते खरंच असतं."

मी धोतराचं टोक धरून उभा राहिलो.

"डॉक्टर?"

"दाखवलं. मिरजेला दाखवलं. म्हणाले, हे वाढत जाणार, सांभाळून घ्या. तिला सांगितलेलं नाही. बी. पी. बघायला गेलो होतो असं सांगितलंय."

"पण मास्तर, डबे टाकून द्यायचे की गुपचूप."

"टाकत होतो. ती सकाळी बस्तीत गेली की मी डबे खाली शिरगाव्याच्या म्हशींना घालून यायचो. पण होळीच्या आधी ती बस्तीतून घरी यायला चुकली. हळदीच्या गोदामापाशी उभी होती, घर कुठल्या बाजूला ते आठवेना. तेव्हापासून मी बरोबर जातो. मग घरात मी एकटा कधी नसतोच. एकदा मोरीत ओतताना बघितलं तिनं मला. दिवसभर रडली. म्हणाली, माझ्या हातची चव गेली, तुम्हाला माझं जेवण गोड लागत नाही, म्हणून टाकता. मी काय सांगणार होतो?"

"म्हणून तुम्ही खाता."

त्यांनी दोरीवरचं धोतर सरळ केलं.

"मास्तर, ते आंबलेलं तुम्ही खाता. तिच्या ताटात जाऊ नये म्हणून."

"तिनं नियम घेतलाय," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही? तुम्हीपण बरोबरच घेतला होता ना?"

"माझा मोडला," ते म्हणाले. "किती वेळा ते मोजत नाही. तिचा अजून एकदाही मोडलेला नाही."

साधं सांगितलं त्यांनी, दूध नासलं असं सांगावं तेवढ्या साधेपणानं. मला मात्र राग आला. माझं असंच आहे, रडू आलं की मी भांडतो.

"अहो, मराल एक दिवस," मी म्हटलं. "साध्या आंबण्यानं माणूस मरत नाही, पण ह्या उकाड्यात दोन-दोन दिवस वर-खाली झालेलं अन्न म्हणजे विष आहे. सत्तरी ओलांडलीय तुमची. तुम्ही गेलात तर त्यांचं काय? पाचला डबा कोण चाखणार?"

"तेच म्हणतोय मी. म्हणून तुम्हाला बोलावत होतो. तुम्ही दोष काढा."

"कसला दोष?"

"फ्रिजचा. म्हणा, बिघडलाय, दुरुस्त होण्यातला नाही. घेऊन जा. फ्रिजच नसला की ठेवणार कशात? जास्तीचं केलं तर त्याच दिवशी खाली देता येईल, शेजारी देता येईल. मी माझ्या तोंडानं म्हटलं तर ती विचारणार, लेकीनं दिलेला चांगला फ्रिज का काढता. तुम्ही म्हटलंत तर ऐकेल. तुमच्यावर विश्वास आहे तिचा. म्हणते, तोडकर चांगल्याला चांगलं म्हणतो, वाईटाला वाईट."

म्हणून तर अवघड होतं. मी म्हटलं, "मास्तर, मी तीस वर्षं हा धंदा करतोय. चांगल्या मशीनला वाईट म्हणून मी कुणाच्या घरातनं एक स्क्रू नेला नाही. मला हे जमायचं नाही. लेकीला बोलवा, खरं सांगा. खऱ्याला कशाला भ्यायचं?"

"बरं," अण्णा म्हणाले. रागावले नाहीत. "नाही तर नाही. तुम्ही एवढ्या फेऱ्या मारल्यात, उन्हातान्हाचं, त्याबद्दल—"

दार उघडलं. अक्का उभ्या होत्या. हातात पदराचा पिळा केलेला.

"काय बोलताय इतका वेळ?" त्यांनी विचारलं. मग अण्णांना ओलांडून माझ्यासमोर आल्या. "तोडकर, तुम्ही मघाशी काय म्हणत होता? हा भात आजचा नाही म्हणालात."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा खाली म्हशींकडं बघत होते.

"त्यांच्याकडं नका बघू. ते मला काही सांगत नाहीत हल्ली. मी विचारलं की म्हणतात, काही नाही गं. तुम्ही सांगा. मी सकाळी भात केला. मला आठवतंय मी केला. तोंडली चिरली, तूप सोडलं, तुमच्याशी बोलत बोलत केला." त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. "तुम्ही सकाळी होता ना इथं?"

"होतो," मी म्हटलं.

"मग? फ्रिजमध्ये दोष आहे, का माझ्या डोक्यात? जे असेल ते सांगा. मी काही लहान नाही."

पहिल्या दिवशी भाताच्या वाटीवरून ही बाई का रडली ते मला त्या वेळेला कळलं. त्यांना सगळा वेळ हेच विचारायचं होतं. पहिल्याच फेरीत मी त्यांना सांगितलं होतं की फ्रिजमध्ये काही दोष नाही, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"फ्रिजमध्ये आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"काँप्रेसरचा आतला व्हॉल्व गेलाय. मी आहे तोवर चालतो, पारा पाच दाखवतो. मी गेलो की दुपारी उकाडा वाढला की बंद पडतो. आत गरम होतं, तुम्ही दार उघडेपर्यंत परत चालू. म्हणून मला सापडत नव्हता. आणि भात आजचा नाही म्हणालो ते... एवढा खराब झालेला बघून मला वाटलं. माझी चूक झाली, अक्का. आजचाच आहे."

असला व्हॉल्व जगातल्या कुठल्या फ्रिजला नसतो. तोंडातनं निघालं, बस. तीस वर्षांची इज्जत एका दमात गेली आणि मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आधीच का नाही म्हणालो.

अक्का तिथंच उंबऱ्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. आम्ही दोघंही बाप्ये माणसं, कुणी पुढं व्हायचं ते कळेना.

"मग मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "अहो, मी बरी आहे. मला काय काय वाटायला लागलं होतं. वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय आणि तुम्ही मला सांगत नाही. वाटायचं, मी तुम्हाला शिळं घालते की काय. बेचाळीस वर्षांनी माझ्या हातनं तुमचा नियम मोडतोय की काय. किती दिवस हे मनात घेऊन बसले होते मी, कुणाला विचारू?"

अण्णा खाली वाकले. त्यांच्या गुडघ्याला ते झेपत नव्हतं, तरी वाकले आणि त्यांनी अक्कांचा हात धरला.

"तू मला कधी शिळं घातलं नाहीस," ते म्हणाले. "एक दिवस नाही."

मी आत जाऊन प्लग काढला. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मग मी भराभर कामाला लागलो. आतले सगळे डबे बाहेर काढले, सात निघाले. झाकण न उघडता पिशवीत भरले आणि खाली नेऊन शिरगाव्याच्या उकिरड्याच्या खड्ड्यात पालथे केले. एवढं खराब अन्न म्हशींनाही घालायचं नसतं. डबे गरम पाण्यात सोडा टाकून घासले. टेंपोवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून फ्रिज जिन्यावरनं उतरवला. तो फ्रिज अजून माझ्या दुकानात आहे. विकायचं मनात आलं नाही. पाण्याच्या बाटल्या ठेवतो आम्ही त्यात. पारा पाचवर असतो. नंतरची तीन वर्षं, म्हणजे अक्का होत्या तोवर, अण्णा अधूनमधून दुकानात यायचे, त्यातलं गार पाणी प्यायचे आणि काही न बोलता जायचे. तब्येत सुधारली होती त्यांची.

पण मी त्या शुक्रवारचं सांगत होतो. फ्रिज टेंपोत चढवून मी हत्यारं आणायला वर गेलो तर अक्कांनी पाटच मांडले होते. साडेचार झाले होते. म्हणाल्या, आज लवकर बसू, तुम्ही जेवल्याशिवाय गेलात तर मला आवडणार नाही. नुकतीच केलेली ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. सगळं ताजं, वाफ निघत होती. अक्का हसत होत्या, मला आग्रह करत होत्या, टेंपोवाल्यालाही भाकरी पाठवली. त्यांच्याइतकं मोकळं झालेलं माणूस मी क्वचित बघितलंय. अण्णा आज पहिल्यांदा निवांत जेवले. चव न बघता, हुंगल्याशिवाय. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक प्यालो. ताटं उचलली, अक्कांनी ती घासून पालथी घातली. मी आणि अण्णा बाहेरच्या खोलीत बडीशेप चघळत बसलो. खाली टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला म्हणून मी उठलो.

अक्का हात पुसत बाहेर आल्या. मला बघून थबकल्या.

"अगंबाई, तोडकर, तुम्ही कधी आलात? आणि असे उभे का? पाच वाजून गेले, दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन घ्या. अहो, उठा, ताटं घेते." आत वळल्या आणि दारातनंच परत आल्या. "फ्रिज कुठं गेला आपला?"

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी तोंडातली बडीशेप गिळली.

"बिघडला होता गं," ते म्हणाले. "तोडकर दुरुस्तीला घेऊन चाललेत."

"बघा. मी सांगतच होते तुम्हाला," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

अण्णा उठले. आत जाऊन पालथं घातलेलं ताट त्यांनी घेतलं. अजून ओलं होतं, ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पाटासमोर ठेवलं. मग पाटावर बसले.

"वाढ," ते म्हणाले. "भूक लागलीय."

खाली हॉर्न वाजत होता. मी गॅलरीत जाऊन टेंपोवाल्याला हातानं थांब म्हणून सांगितलं, आत आलो आणि अण्णांच्या शेजारी मांडी घालून बसलो.